फोनवर दिसतो, गिऱ्हाइकाकडं उघडत नाही : फोटो एचईआयसी ठेवायचा की जेपीजी?



या आठवड्याचा व्हिडिओ छोटा आहे. फोनमधलं एक सेटिंग कुठं असतं आणि ते कसं बदलायचं, एवढंच त्यात दाखवलंय. पण ते बदलावं का, कुणी बदलावं आणि बदलल्यावर आपण काय गमावतो, हे व्हिडिओत बसत नव्हतं. म्हणून हा लेख. विषय फोटोच्या फाइलचा, म्हणजे ऐकायला अगदीच किरकोळ. पण या किरकोळ गोष्टीपायी आमच्या बॅचमधल्या एका दादांची दोनशे जोडांची ऑर्डर गेली, आणि त्यात निम्म्याहून जास्त चूक माझी होती. तेच आधी सांगते.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, ते तुम्हाला आठवत असेलच. आपल्याकडं केवढा गाजावाजा झाला! कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण बाहेरच्या लोकांचं लक्ष गेलं ते या भानगडीनंतर. आमच्या दादांच्या घरात चपला करायचं काम तीन पिढ्यांचं. स्वतः कातडं कापतात, शिवतात, वेणी घालायचं काम आई आणि वहिनी करतात. त्यांनाही चौकशीचे फोन यायला लागले. त्यातच पुण्याहून एक खरेदीदार मिळाले. म्हणाले, तुमच्याकडच्या सगळ्या प्रकारांचे फोटो पाठवा, आम्ही निवडतो, दिवाळीसाठी दोनशे जोड घेऊ.

दादांनी नुकताच हप्त्यावर आयफोन घेतला होता. मीच म्हटलं होतं, मालाचे फोटो चांगले येतील, घ्या. साठ जोड, प्रत्येकाचे तीन फोटो, एकशेऐंशी फोटो काढले. खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कार्डशीटवर, मी शिकवलं होतं तसं. फोटो खरंच झकास आले होते. वेणीचा पेड न् पेड दिसत होता. मग केबल लावून भाच्याच्या लॅपटॉपवर घ्यायला गेले, तर कॉपी मधेच अडकायची आणि काहीतरी एरर यायची. मला फोन केला. मी दुकानात, समोर गिऱ्हाईक, कानाला फोन. म्हटलं, "सेटिंग्जमध्ये फोटोज उघडा, खाली 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' आहे, तिथं 'ऑटोमॅटिक'च्या जागी 'कीप ओरिजिनल्स' करा, लगेच होईल." झालंही लगेच. त्यांनी सगळे फोटो गूगल ड्राइव्हवर चढवले, लिंक आपल्या फोनवर उघडून बघितली, सगळं छान दिसलं, पाठवून दिली.

संध्याकाळी पुण्याहून फोन. दादांनी मला तसाच्या तसा सांगितला : "मॅडम, फोटू उघडत न्हाईत म्हणत्यात. नुसती पांढरी पानं दिसत्यात." त्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर विंडोजचा. डाउनलोड केलेल्या फोल्डरमध्ये साडेतीनशेच्या वर फाइली. निम्म्यांच्या शेवटी एचईआयसी, निम्म्या दोन-तीन सेकंदांचे व्हिडिओ, कारण फोनमध्ये 'लाइव्ह' चालू राहिलेलं. त्या बाईंना यादी त्याच दिवशी मालकाला द्यायची होती. दादा तेव्हा सांगलीच्या वाटेवर एसटीत. रात्री घरी येऊन भाच्याला शोधून काहीतरी करेपर्यंत दुसऱ्या कुणाचे फोटो निवडले गेले होते. त्या कारागिराचे फोटो साधेच असतील, पण उघडत होते.

आता यात काय झालं ते समजून घ्या.

दोन फाइली, एकच चप्पल

तुम्ही कॅमेऱ्याचं बटण दाबता तेव्हा कॅमेरा लाखो ठिपके टिपतो. १२ मेगापिक्सेल म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. ते जसेच्या तसे लिहून ठेवले तर एकेक फोटो पस्तीस-छत्तीस एमबीचा होईल. म्हणून फोन तो फोटो दाबून, घडी घालून ठेवतो. घडी घालायच्या पद्धती वेगवेगळ्या, आणि त्या पद्धतीचं नाव फाइलच्या शेवटी टिंबानंतर लागतं.

जेपीजी ही जुनी पद्धत. १९९२ चं मानक आहे हे, म्हणजे आपल्यातल्या काहींच्या वयाचं. ती फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे छोटे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनातलं डोळ्याला फारसं न जाणवणारं बारीकसारीक काढून टाकते. एचईआयसी ही नवी. तिचं मूळ मानक २०१५ मध्ये झालं आणि ॲपलनं २०१७ च्या सप्टेंबरमध्ये आयओएस ११ बरोबर ती आयफोनमध्ये आणली. व्हिडिओ दाबायला जे नवं तंत्र वापरतात, एचईव्हीसी नावाचं, तेच यात एका फोटोसाठी वापरलंय. त्यात चौकोन लहान-मोठे करता येतात आणि शेजारच्या भागावरून पुढचा भाग कसा असेल याचा अंदाज बांधता येतो. तुमच्या मागच्या पांढऱ्या कार्डशीटचा मोठा तुकडा एका घडीत जातो, आणि वेणीच्या ठिकाणी बारीक घड्या पडतात. म्हणून तेवढ्याच दर्जाचा फोटो साधारण निम्म्या जागेत मावतो. रंगाच्या छटाही एचईआयसीमध्ये जास्त मावतात.

मग प्रश्न पडतो, एवढं चांगलं आहे तर सगळीकडं चालत का नाही? याचं उत्तर तंत्रात नाही, धंद्यात आहे, म्हणून मला ते फार आवडतं. एचईव्हीसी तंत्रावर बऱ्याच कंपन्यांचे पेटंट आहेत. ते वापरायचं तर परवान्याचे पैसे. ॲपलनं भरले. विंडोजमध्ये एचईआयसी बघायला मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून दोन पुरवण्या लागतात. एक हीफ इमेज एक्स्टेन्शन्स, ती फुकट. दुसरी एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स, तिला थोडे का होईना पैसे पडतात. काही लॅपटॉपमध्ये त्या आधीच असतात, बऱ्याच ऑफिसांत नसतात. क्रोम ब्राउझर आजही एचईआयसी थेट दाखवत नाही, सफारी दाखवतो. जेपीजी मात्र कुठलाही कॉम्प्युटर, कुठलाही प्रिंटर, दहा वर्षांपूर्वीचा साधा फोनसुद्धा उघडतो. चांगला माल आणि सगळीकडं खपणारा माल यातला फरक तुम्हाला मी वेगळा सांगायला नको.

आयफोनवाल्यांना ही भानगड लवकर कळत नाही, त्याला कारण आहे. फोन आपल्याला बऱ्याचदा सांभाळून घेतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो जेपीजी होऊनच जातो. मेलमध्ये जोडला की बहुतेक वेळा तसंच. केबलला 'ऑटोमॅटिक' असेल तर विंडोजकडं जाताना जेपीजी होतो. हे बदलायचं काम चालू असतानाच कधीकधी कॉपी मधे तुटते, तीच दादांची एरर. मी 'कीप ओरिजिनल्स' करायला सांगितलं म्हणजे ती सांभाळून घ्यायची सोयच बंद केली. माझा सल्ला केबलपुरता बरोबर होता. पण फोटो पुढं कुणाच्या कॉम्प्युटरवर जाणार आहेत, हे मी विचारलंच नाही.

असं आपलंच झालंय असं समजू नका. २०२० च्या मे महिन्यात, कोरोनामुळं, अमेरिकेत कॉलेज बोर्डाच्या एपी परीक्षा घरून झाल्या. मुलांनी उत्तरपत्रिकेचे फोटो काढून वेबसाइटवर चढवायचे होते. आयफोनवाल्या कित्येक मुलांचे फोटो एचईआयसी असल्यामुळं वेबसाइटनं घेतलेच नाहीत, वेळ संपली, आणि त्यांच्यावर परीक्षा पुन्हा द्यायची पाळी आली. उत्तरं लिहून झालेली, फोटो काढून झालेला, फाइलच्या शेवटची चार अक्षरं आडवी आली.

नाव बदललं म्हणजे फाइल बदलत नाही

त्या रात्री भाच्यानं जे पहिलं केलं ते सांगते, कारण तुमच्याही घरात कुणीतरी हेच करणार. त्यानं फाइलच्या शेवटचं एचईआयसी खोडून तिथं जेपीजी लिहिलं. चटणीच्या डब्यावर गुळाचं लेबल लावल्यासारखं झालं ते. आतला माल तोच. काही प्रोग्रॅम हुशार असतात, लेबल न बघता आत बघतात आणि उघडतातही. पण प्रेसवाल्याचा किंवा सरकारी पोर्टलचा उघडेलच असं नाही. उलट नंतर कुणाला काय झालंय तेही कळत नाही. फाइल खरोखर बदलावी लागते.

बदलायचं कसं? आयफोनमध्येच होतं, वेगळं ॲप लागत नाही. फोटोजमध्ये फोटो निवडा, 'कॉपी' करा, मग 'फाइल्स' ॲपमध्ये एखाद्या फोल्डरवर जाऊन 'पेस्ट' करा. तिथं तो जेपीजी होऊन पडतो. एकदम पन्नास निवडले तरी चालतं. किंवा फोटो आधीच फाइल्समध्ये असेल तर त्यावर बोट दाबून धरा, 'क्विक ॲक्शन्स'मध्ये 'कन्व्हर्ट इमेज' येतं, तिथं जेपीजी निवडा आणि आकार विचारेल तेव्हा 'ओरिजिनल साइज'. मॅक असेल तर प्रीव्ह्यूमधून एक्स्पोर्ट. विंडोजवर त्या दोन पुरवण्या घातल्या की फोटो उघडतो, मग 'सेव्ह ॲज'.

गूगलवर शोधलं की फुकट बदलून देणाऱ्या वेबसाइटी ढिगानं मिळतात. चपलेचा फोटो टाकायला माझी हरकत नाही. पण आधार कार्ड, पॅन, बँकेचं पासबुक, दुकानाचा भाडेकरार यांचे फोटो कुठल्याही अनोळखी साइटवर चढवू नका. फोनमध्ये होणारं काम बाहेर कशाला द्यायचं?

दुसरी चूक

इथपर्यंतची गोष्ट ऐकून बॅचमधले सगळे म्हणाले, म्हणजे एचईआयसी वाईट, बंद करून टाकू. दादांनी तर त्याच रागात सगळ्या एकशेऐंशी फोटोंना एका फुकटच्या ॲपमधून जेपीजी केलं आणि मूळ फोटो उडवले, कचरापेटीसकट. त्या ॲपमध्ये दर्जा किती ठेवायचा हे आधीपासूनच खाली ओढलेलं होतं आणि फोटो लहान करून मिळत होते. फोनच्या पडद्यावर काहीच फरक वाटला नाही.

दोन महिन्यांनी एका प्रदर्शनात त्यांना स्टॉल मिळाला. मागं लावायला बॅनर आणि हातात द्यायला छापील कॅटलॉग करायचं ठरलं. प्रेसवाला म्हणाला, हे फोटो पासपोर्टएवढे छापले तर ठीक, मोठे केले तर फुटणार. मूळ फोटो द्या म्हणाला. मूळ होते कुठं? आणि पुन्हा काढायचे म्हटलं तर साठपैकी निम्मे जोड विकले गेलेले. हाताचं काम ते, तसाच दुसरा जोड निघत नाही. कापशीचा एक जोड होता, त्याचा गोंडा आईनं स्वतः केलेला. त्याचा आता फक्त तो बारका फोटो राहिलाय.

याचं गणित सोपं आहे, स्वतः करून बघा. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४०३२ बाय ३०२४ ठिपक्यांचा. तीनशेनं भागा : सव्वातेरा इंचांहून जास्त लांब आणि दहा इंच रुंद, म्हणजे ए-फोरचं अख्खं पान आरामात भरतं. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला की लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते. भागाकार सव्वापाच इंच. त्यातही दाबादाबी झालेली. 'एचडी' निवडलं तर बरं, पण दाबतंच. म्हणून प्रेसवाल्याला फोटो द्यायचा तो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ड्राइव्हवरून. आणि इथंच सापळा आहे : डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फोन सांभाळून घेत नाही, एचईआयसी असेल तर एचईआयसीच जातो. आधी बदला, मग पाठवा.

अजून एक, जेपीजी जितक्या वेळा उघडून, कापून, पुन्हा सेव्ह कराल तितक्या वेळा थोडा थोडा खराब होतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. नुसता बघितला किंवा कॉपी केला तर काही होत नाही, बदल करून सेव्ह केला की होतं. माझ्या दुकानात कोल्हापुरी साज आणि ठुशी आहेत, सगळं बारीक मण्यांचं काम. तीन-चार वेळा कापाकापी केलेल्या फोटोत मण्यांच्या कडेला धुरकट ठिपके दिसायला लागतात. गिऱ्हाईक झूम करतं आणि म्हणतं, पॉलिश गेलंय का हो ताई? पॉलिश नाही गेलेलं, फोटो गेलाय.

म्हणून माझा नियम आता एकच आहे. कॅमेऱ्यातून जो फोटो निघाला तो मूळ, मग तो एचईआयसी असो की जेपीजी, त्याला हात लावायचा नाही, त्याची एक प्रत दुसरीकडं ठेवायची. गिऱ्हाइकाला, पोर्टलला, प्रेसला द्यायची ती त्याची जेपीजी प्रत. काही कापायचं, उजळ करायचं ते त्या प्रतीवर.

मग कॅमेरा कशावर ठेवायचा?

सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स. तिथं दोन पर्याय : 'हाय एफिशियन्सी' म्हणजे एचईआयसी आणि 'मोस्ट कम्पॅटिबल' म्हणजे जेपीजी. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'ॲडव्हान्स्ड पिक्चर ऑप्शन्स' आणि त्यात 'हाय एफिशियन्सी पिक्चर्स' असं बटण असतं. ते बंद असेल तर तुमचे फोटो जेपीजीच आहेत, निवांत राहा. बाकी बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून जेपीजीच असतं, तरी एकदा बघून घ्या. फोटोची माहिती उघडली की फाइलचं नाव दिसतं, शेवट वाचा.

हे सेटिंग बदललं तर पुढचे फोटो बदलतात, मागचे जसे आहेत तसेच राहतात. बॅचमध्ये दर वेळी कुणीतरी विचारतंच म्हणून लिहिलं.

माझं मत सांगते. तुम्ही माल विकण्यासाठी फोटो काढता, फोटो दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर जातात, आणि घरात हे बदलाबदलीचं काम करणारं दुसरं कुणी नाही, तर मालाच्या फोटोंसाठी 'मोस्ट कम्पॅटिबल' ठेवा. दर्जात तुम्हाला किंवा गिऱ्हाइकाला डोळ्यानं फरक दिसणार नाही. किंमत मोजायची ती जागेची. १२ मेगापिक्सेलचा एचईआयसी धरा दोन एमबी, जेपीजी धरा चार. तीनशे वस्तू, प्रत्येकीचे चार फोटो, बाराशे फोटो झाले. एचईआयसी २.४ जीबी, जेपीजी ४.८ जीबी. आयक्लाउडवर फुकट मिळतात ५ जीबी, गूगलवर १५. म्हणजे जेपीजी ठेवले तर आयक्लाउडची फुकटची जागा एवढ्यातच संपली. त्यावर उपाय महाग फोन नाही. एक पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क घ्या आणि महिन्याच्या शेवटी हिशेबाबरोबर फोटोही उतरवून घ्या.

ज्यांचं काम व्हिडिओचं जास्त, त्यांनी मात्र थांबा. हे सेटिंग व्हिडिओलाही लागू होतं. 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की ४के व्हिडिओ सेकंदाला साठ फ्रेमनं काढता येत नाही. रील्ससाठी तो लागत असेल तर 'हाय एफिशियन्सी'च ठेवा आणि फोटो देताना बदलून द्या. मी स्वतः असंच करते, कारण चॅनेलचे व्हिडिओ त्याच फोनवर काढते. पण मला रोजची सवय आहे. दादांना मी जेपीजी लावून दिलंय आणि 'लाइव्ह'ही बंद करून दिलंय.

फोन ६४ जीबीचा, जुना, सतत भरलेला असेल तर एचईआयसीची निम्मी जागा हा मोठा फायदा आहे, तो सोडू नका. फक्त पाठवण्याआधी बदलायची सवय अंगी लागली पाहिजे.

कोण काय मागतं

जीएसटी नोंदणीच्या अर्जात मालकाचा फोटो फक्त जेपीजी चालतो आणि तो १०० केबीपेक्षा मोठा चालत नाही. चार एमबीचा फोटो तिथं बसणारच नाही, म्हणून प्रत लहान करावी लागते, आणि इथं लहान करणं बरोबरच आहे. गूगलवर दुकानाचं जे पान असतं, तिथं जेपीजी किंवा पीएनजी, १० केबी ते ५ एमबीपर्यंत. तुमचं दुकान आमच्यासारखं गल्लीत आत असेल तर हे पान नीट भरा, राजारामपुरीत मेन रोडवरून आत वळणारं गिऱ्हाईक हल्ली आधी फोनमध्ये दुकानाचा फोटो बघतं. ॲमेझॉनवर विकायचं असेल तर मुख्य फोटोची मागची बाजू पूर्ण पांढरी लागते, आणि लांब बाजू निदान १००० ठिपके असली तर गिऱ्हाइकाला झूम करता येतं. जेपीजी तिथंही चालतो.

पीएनजी लोगोसाठी ठेवा. मागची बाजू पारदर्शक ठेवता येते आणि अक्षरांच्या कडा स्वच्छ राहतात. मालाच्या फोटोला पीएनजी करू नका, फाइल उगाच फुगते आणि दर्जा काही वाढत नाही. वेबपी नावाची फाइल तुम्हाला वेबसाइटवरून काही डाउनलोड केलं की मिळते. ती गूगलनं २०१० मध्ये आणली, वेबसाइट लवकर उघडावी म्हणून. तुमची वेबसाइट करणारा ती बघून घेईल, तुम्ही त्याला चांगला जेपीजी द्या.

रंगाचं एक बोलून घेते, कारण फोटो बदलला की लोक रंगाचा दोष फॉरमॅटवर ढकलतात. चपलेचा तो मधासारखा रंग फोटोत लालसर आला असेल तर बहुतेक वेळा कारण पिवळा बल्ब असतो. दिवसा, खिडकीजवळ, आतले दिवे बंद करून फोटो काढा. आयफोनचा पडदा स्वतः भडक आणि उजळ दाखवतो, म्हणून गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी तोच फोटो एखाद्या साध्या अँड्रॉइड फोनवर बघा. माझ्या दुकानातल्या मुलीचा फोन मी त्यासाठीच मागून घेते.

घरून धंदा करणाऱ्या ताईंसाठी एक खास सूचना. फोटोच्या फाइलमध्ये तो कुठं काढला त्याचा पत्ता नकाशाच्या आकड्यांत लपलेला असू शकतो, एचईआयसी असो की जेपीजी. डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून मूळ फाइल दिली की तो पत्ताही जातो. आयफोनमध्ये शेअर करताना वर 'ऑप्शन्स' दिसतं, तिथं 'लोकेशन' बंद करा. किंवा कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगीच देऊ नका, मालाच्या फोटोला तिचा काय उपयोग?

आता दादांचं पुढं काय झालं ते. बॅनरवर शेवटी फोटो न टाकता मोठ्या अक्षरात नाव आणि गावाचं नाव टाकलं, आणि समोर खरे जोडच मांडले. कॅटलॉगसाठी उरलेल्या आणि नव्या चाळीस जोडांचे फोटो पुन्हा काढले, त्याला दोन रविवार गेले. एका रविवारी मी स्वतः गेले होते, कार्डशीट धरायला. पुण्याच्या त्या बाईंना त्यांनी पुन्हा एक फोल्डर पाठवलंय, जेपीजी, प्रत्येक फाइलला जोडाचा नंबर आणि माप टाकून. पाठवण्याआधी माझ्या दुकानातल्या विंडोजच्या जुन्या कॉम्प्युटरवर एकेक उघडून बघितला. त्यांनी उन्हाळ्याच्या खरेदीच्या वेळी कळवते म्हटलंय.

तुमच्याकडून या आठवड्यात एवढं हवंय : तुमच्या मालाचे पाच फोटो तुम्ही नेहमी पाठवता त्याच रस्त्यानं, लिंक असेल तर लिंक, डॉक्युमेंट असेल तर डॉक्युमेंट, अशा माणसाला पाठवा ज्याच्याकडं तुमच्यासारखा फोन नाही. आणि त्याला ते फोनवर नाही, कॉम्प्युटरवर उघडायला सांगा. उघडले नाहीत तर आत्ता कळलेलं बरं. पुढच्या व्हिडिओत फाइलींना नावं कशी द्यायची ते घेणार आहे, तोपर्यंत हे पाच फोटो तयार ठेवा.